इनाम आखाड्यातच द्यायचं असतं

सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या कुठल्याही गावची जत्रा घ्या. दुपार कलली, हलगी कडाडली, की माणसं कुस्त्यांच्या मैदानाकडं वळतात. मैदान म्हणजे नांगरून, ढेकळं फोडून, पाणी मारून मऊ केलेलं कुणाचं तरी रान. कडेला पंच बसलेले, आणि त्यातला एकजण इनामाच्या नोटा मुठीत धरून उभा. पोरानं समोरच्याला चितपट केलं, की अंगावरची माती झटकायच्या आत नोटा त्याच्या हातात पडतात. कुस्ती पन्नास रुपयांची असो नाहीतर पन्नास हजारांची, रीत एकच. जिंकलेल्या पैलवानाला पंचांनी कधी सांगितलेलं मी ऐकलं नाही, की तू जिंकलास हे आम्ही पाहिलं, पण आता जिंकल्याचा अर्ज कर, सोबत दाखले जोड, मग आम्ही विचार करू. असं बोलणाऱ्या पंचाला लोकांनी मैदानात उभं राहू दिलं नसतं.

देशाच्या राजधानीत मात्र हेच चालतं, आणि त्याला राष्ट्रीय क्रीडा पुरस्कार म्हणतात.

माण तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी एकतीस वर्षं खेळाचा तास घेतला. शिट्टी, चुन्याची फक्की आणि एक स्टॉपवॉच एवढ्या भांडवलावर पोरं पळवली. म्हणून हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, आणि म्हणून तो मी गोड शब्दांत मांडणार नाही. माझं म्हणणं एकच आहे. खेळाडूला पुरस्कार मागायला लावणं हा त्याचा अपमान आहे, आणि तो उशिरा देणं हे त्याच्या आयुष्यातलं काहीतरी काढून घेणं आहे. हे दोन्ही आपलं सरकार साठ वर्षांहून जास्त काळ करत आलं आहे, आणि त्याचा सगळ्यात मोठा फटका आमच्या सातारा-सांगलीकडच्या मातीनं खाल्ला आहे.

पुरावा हवा असेल तर कराडपासून सुरुवात करू. गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे. १९५२ साली हेलसिंकीला जायचं तर पैसे नाहीत. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, गावानं वर्गणी काढली, तेव्हा हा गडी हेलसिंकीला पोचला आणि बँटमवेटमध्ये कांस्यपदक घेऊन आला. स्वतंत्र भारताचं ऑलिंपिकमधलं पहिलं वैयक्तिक पदक. कराडला उतरल्यावर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. म्हणजे गावानं आपलं इनाम आखाड्यातच दिलं. पुढं खाशाबांनी काय केलं, तर कुस्त्यांची मैदानं भरवली आणि त्या पैशातून प्राचार्यांचं घर सोडवलं. देशाचं पहिलं पदक कर्जावर आलं आणि ते कर्ज पदक जिंकणाऱ्यानंच फेडलं, हे वाक्य शाळेच्या पुस्तकात मोठ्या अक्षरात छापलं पाहिजे.

१९५५ साली ते पोलिसात उपनिरीक्षक झाले. सहायक पोलिस आयुक्त होऊन निवृत्त झाले. अर्जुन पुरस्कार १९६१ साली सुरू झाला. खाशाबा १४ ऑगस्ट १९८४ ला रस्त्यावरच्या अपघातात गेले. मधली तेवीस वर्षं मोजा. या तेवीस वर्षांत हा माणूस कुठं परागंदा झालेला नव्हता. सरकारच्याच खात्यात, सरकारच्याच गणवेशात, सरकारच्याच पगारपत्रकावर होता. त्याला शोधायला जंगल तुडवावं लागणार नव्हतं, एक फाईल उघडली असती तरी पुरे होतं. कुणी उघडली नाही. १९९६ साली लिएंडर पेसनं अटलांटात कांस्य जिंकलं, आणि याआधी असं पदक कुणी आणलं होतं म्हणून देशानं मागं वळून पाहिलं. मग २००० सालच्या अर्जुनच्या यादीत खाशाबांचं नाव आलं. मरणोत्तर. पदकानंतर अठ्ठेचाळीस वर्षांनी, मरणानंतर सोळा वर्षांनी. आता दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचं नाव आहे, महाराष्ट्रात १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन आहे. हे सगळं चांगलंच आहे. पण जिवंतपणी एक अर्जुन नाही, एक पद्म नाही.

यावर मला कायम एक उत्तर मिळतं. अर्जुन हा चालू कामगिरीसाठी असतो, गुरुजी. १९५२ ची कामगिरी १९६१ च्या नियमात बसत नव्हती. बरं. मग २००० साली कशी बसली? नियम मेलेल्या माणसासाठी वाकतो, तर जिवंत माणसासाठी वाकायला त्याला काय झालं होतं? याचं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही.

दुसरे मारुती माने. सांगलीजवळच्या कवठेपिरानचे. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण, ग्रीको-रोमनमध्ये रौप्य. एकाच स्पर्धेत दोन प्रकारांत दोन पदकं. १९६४ ला हिंदकेसरी. आमच्या भागात हे नाव घेताना जुनी माणसं आजही आवाज बदलतात. त्याच सांगली जिल्ह्यातल्या पुनवतच्या गणपतराव आंदळकरांना १९६४ साली अर्जुन मिळाला, वेळेत मिळाला, छाती भरून आली सगळ्यांची. म्हणजे दिल्लीला सांगलीचा रस्ता माहीत नव्हता असं नाही. मारुतीभाऊंच्या नावापुढं मात्र राष्ट्रीय खेळ-सन्मान लागला तो २००५ साली, ध्यानचंद पुरस्काराच्या रूपानं. जकार्तानंतर त्रेचाळीस वर्षांनी. हा ध्यानचंद पुरस्कारच मुळी २००२ साली सुरू झाला, आयुष्यभराच्या कामगिरीसाठी म्हणून. ज्यांना तारुण्यात द्यायचं राहिलं त्यांना म्हातारपणी द्यायला सरकारला वेगळा खण करावा लागला, यातच सगळा कबुलीजबाब आहे.

तिसरी गोष्ट सांगताना मला राग आवरत नाही. वाळवा तालुक्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर. सैन्यात जवान, बॉक्सर. १९६५ च्या युद्धात अंगावर गोळ्या झेलल्या, कमरेखालचं शरीर गेलं. त्यानंतर पाण्यात उतरले आणि १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये पन्नास मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून सुवर्ण जिंकलं. जागतिक विक्रमासह. भारताचं पॅरालिंपिकमधलं पहिलं पदक, आणि तेही सोन्याचं. अभिनव बिंद्राच्या ऑलिंपिक सुवर्णाच्या छत्तीस वर्षं आधी या सांगलीच्या जवानानं देशाला वैयक्तिक सुवर्ण दिलं होतं.

या माणसानं १९८२ साली अर्जुनसाठी अर्ज केला. स्वतः. तो नाकारला गेला.

मी पुन्हा सांगतो. देशासाठी गोळ्या खाल्लेल्या आणि देशाला सोनं आणून दिलेल्या माणसाला आधी अर्ज करावा लागला आणि मग नकार ऐकावा लागला. २०१८ साली पद्मश्री मिळाली. जून २०२४ मध्ये त्यांच्या आयुष्यावरचा ‘चंदू चॅम्पियन’ हा हिंदी चित्रपट आला. आणि १७ जानेवारी २०२५ ला राष्ट्रपती भवनात त्यांना अर्जुन जीवनगौरव पुरस्कार दिला गेला. वयाच्या ऐंशीत, सोन्यानंतर बावन्न वर्षांनी. चित्रपट आधी आणि पुरस्कार नंतर, हा क्रम माझ्या डोक्यातून जात नाही. तिकीट काढून लोक थिएटरात बसले, रडले, तोवर हायडेलबर्गचं सोनं सरकारच्या नजरेत पुरेसं चमकत नव्हतं का? पेटकरांना तो सन्मान घेताना मी दूरदर्शनवर पाहिलं. आनंद झाला. आणि त्याच क्षणी, सदतीस-अडतीस वर्षांच्या पेटकरांनी १९८२ साली तो नकाराचा कागद हातात घेतला असेल तेव्हा त्यांना काय वाटलं असेल, तेही मनात आलं. तो अपमान १७ जानेवारीला धुऊन निघाला असं ज्यांना वाटतं, त्यांनी कधी काही जिंकलेलं नाही आणि कधी काही मागितलेलंही नाही.

आता हे सगळं जुनं झालं, हल्ली सुधारणा झाली आहे, असं कुणी म्हणेल. झाली आहे. मी आंधळा नाही. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर १५ ऑगस्ट २०१६ ला रिओत तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, दहावी आली. त्याआधी प्राथमिक फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम तिनं केला, जो पुढं सात वर्षं टिकला. पी. टी. उषानंतर बत्तीस वर्षांनी ऑलिंपिकच्या ट्रॅकवर वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत पोचलेली ती पहिली भारतीय महिला. तिचा अर्जुन त्याच वर्षीचा. म्हणजे वेळेवर देता येतं. वेळेवर दिल्यानं कुठलं आभाळ कोसळत नाही. आटपाडी तालुक्यातल्या करगणीचा सचिन खिलारी २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये गोळाफेकीत १६.३२ मीटरवर रौप्य घेऊन आला. सोनं अवघ्या सहा सेंटिमीटरनं हुकलं. त्याचा अर्जुन २०२४ च्याच यादीत. त्या यादीत बत्तीस अर्जुन होते आणि त्यातले सतरा दिव्यांग खेळाडू. पेटकरांना नाकारणारं सरकार इथवर आलं, ही वाटचाल मी मान्य करतो.

ललिताबद्दल बोलताना एक गोष्ट मधेच सांगून टाकतो. तिला ‘दुष्काळाची लेक’ म्हणायची जी पद्धत पडली आहे, ती मला सहन होत नाही. दुष्काळानं तिला काही दिलं नाही. माणात पाऊस नाही, म्हणून पोरी पळायला लागत नाहीत. पाऊस नाही म्हणून पोरी घागरी वाहतात, आईबाप छावणीत जनावरं सांभाळतात नाहीतर मुंबईला माथाडीत जातात, आटपाडी-खानापूरकडचे सोनं-चांदी गाळायच्या गलाई धंद्याला परमुलखात जातात, आणि पोरीचं शिक्षण सुटतं. ललिता धावली ती दुष्काळाला न जुमानता. आमच्या गरिबीचं कौतुक करून कुणी आमचं भलं केलेलं नाही. कौतुक तिच्या पायांचं करा.

तर सुधारणा झाली. पण मूळ दुखणं तसंच आहे, आणि ते दुखणं म्हणजे अर्ज. आजही अर्जुन, खेलरत्न, द्रोणाचार्य यांसाठी क्रीडा मंत्रालय दरवर्षी अर्ज मागवतं. आता ते ऑनलाइन असतात आणि खेळाडूला स्वतः भरता येतात. याची बाजू घेणारे सांगतात, की पूर्वी संघटनेच्या शिफारशीशिवाय नाव पुढंच जात नसे, पदाधिकाऱ्यांच्या मर्जीवर खेळाडू जगत असे; आता त्याला थेट दार उघडलं. हे खरं आहे. संघटनांच्या खुर्च्यांवर बसलेल्या माणसांनी किती पोरांची नावं दाबली हे मला सांगायला नको, मी ते जवळून पाहिलं आहे. पण मधल्या दलालाला हटवायचं म्हणून ओझं थेट खेळाडूच्याच डोक्यावर देणं हा कुठला न्याय?

२०२४ सालच्या डिसेंबरात काय झालं ते आठवा. पॅरिसमध्ये एकाच ऑलिंपिकमध्ये नेमबाजीची दोन पदकं जिंकणाऱ्या मनू भाकरचं नाव खेलरत्नच्या सुरुवातीच्या यादीत नव्हतं. तिनं अर्जच केला नाही असं सरकारी गोटातून सांगितलं गेलं, घरचे म्हणाले अर्ज केला होता, शेवटी अर्ज भरताना आपल्याकडूनच चूक झाली असावी असं त्या मुलीला जाहीरपणे म्हणावं लागलं. देशभर ओरडा झाला आणि अंतिम यादीत नाव आलं. दोन पदकांची मानकरी, सगळा देश जिला ओळखतो, तिची ही गत. मग ज्याच्यासाठी ओरडायला कुणी नाही, त्या कुळकजाईच्या, वडूजच्या, दिघंचीच्या पोरानं काय करायचं?

अहो, ज्या स्पर्धेला खेळाडू गेला त्याचं विमानाचं तिकीट तुम्ही काढलंत. त्याच्या अंगावरचा गणवेश तुम्ही दिलात. शिबिरातलं त्याचं जेवण, भत्ता, फिजिओ, सगळं तुमच्या पैशातून झालं. पदक मिळालं त्या रात्री तुमच्या मंत्र्यानं फोन केला आणि फोन करतानाचं चित्रीकरण सगळ्या देशाला दाखवलं. एवढं सगळं माहीत असताना त्याच पदकाच्या प्रमाणपत्राची छायाप्रत तुम्ही त्याच माणसाकडं कशासाठी मागता? खेळाचा निकाल ही काही गुप्त गोष्ट नाही. सेकंद, मीटर, गुण, क्रमांक, सगळं छापलेलं असतं. ज्या कामगिरीचं मोजमाप सगळ्यात सोपं, त्याच क्षेत्रात सरकार आंधळ्याचं सोंग घेतं. मंत्रालयात दोन कारकून वर्षभर निकालांची वही लिहीत बसले, तरी एकाही खेळाडूला अर्ज करावा लागणार नाही. तेवढी वही लिहा. ती दरवर्षी सगळ्यांसमोर मांडा, समितीनं कुणाला का निवडलं आणि कुणाला का नाही ते तिथंच लिहा. आणि जुन्या माणसांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात माणूस पाठवा, विचारा, की इथं कुणी राहिलं आहे का. ऐंशी वर्षांचे म्हातारे तुमचं संकेतस्थळ उघडून बसणार नाहीत.

वेळेचंही तेच. हे पुरस्कार २९ ऑगस्टला, मेजर ध्यानचंदांच्या जन्मदिवशी द्यायची प्रथा. २०२२ चे पुरस्कार ३० नोव्हेंबरला झाले, २०२३ चे ९ जानेवारी २०२४ ला, २०२४ चे १७ जानेवारी २०२५ ला. आपल्याच प्रथेचा दिवस ज्यांना पाळता येत नाही, ते खेळाडूच्या अर्जाची शेवटची तारीख मात्र काटेकोर पाळतात.

आणि संघाचं काय? अर्जुन एकेका माणसाला मिळतो. खो-खोत पाठलाग करणाऱ्या संघाचे मैदानात नऊ जण असतात. पाठलाग करणाऱ्यानं गडी मारला तर त्याला योग्य क्षणी खो देणारा बसून असतो, त्याचं नाव कुठंही लागत नाही. २०२० साली तेव्हाच्या उस्मानाबादच्या सारिका काळेला अर्जुन मिळाला, तेव्हा तो खो-खोला बावीस वर्षांनी मिळाला होता. ज्या खेळावर महाराष्ट्रातल्या निम्म्या शाळांची मैदानं जगली, त्याला बावीस वर्षं एकही माणूस लायक सापडला नाही हे मी मानायला तयार नाही. सापडला नाही, कारण शोधला नाही.

अर्जुनची रक्कम २०२० पासून पंधरा लाख आहे, खेलरत्नची पंचवीस लाख. रक्कम वाढवली याबद्दल मी सरकारला दोष देणार नाही. पण ती हातात पडते तेव्हा खेळाडूला तिची सगळ्यात कमी गरज असते. गरज असते ती सतराव्या-अठराव्या वर्षी, जेव्हा बूट फाटलेला असतो आणि घरात दुधाचा रतीब बंद झालेला असतो.

माझ्या हाताखालची एक पोरगी होती. नाव लिहीत नाही, तिला ते आवडणार नाही. पहाटे डेअरीला दूध घालून शाळेपर्यंत पळत यायची, पाच किलोमीटर. विभागीय स्पर्धेत दोनदा पहिली आली. एका वर्षी एका कार्यालयाकडून गुणवंत खेळाडूंसाठी अर्ज मागवल्याचं कळलं. मी बसून तिचा अर्ज भरला, प्रमाणपत्रांच्या प्रती काढल्या, मुख्याध्यापकांचा शिक्का घेतला, एसटीनं जाऊन देऊन आलो. दोन महिन्यांनी अर्ज परत आला. एका संघटनेचं शिफारसपत्र जोडलेलं नव्हतं. त्या संघटनेच्या माणसाकडं गेलो. त्यानं मला तीन वेळा बोलावलं आणि तिन्ही वेळा भेटला नाही. चौथ्या वेळी मुदत संपलेली होती. पुढच्या उन्हाळ्यात पोरीचं लग्न झालं. ती आता खटावकडं असते, भेटली की पाया पडते आणि विचारते, सर, पळता का अजून? तो परत आलेला अर्ज माझ्या लोखंडी पेटीत आहे. त्याच्यावरचा तिचा फोटो पिवळा पडला आहे. मी एकतीस वर्षांत अनेक पोरांना स्पर्धा हरताना पाहिलं, त्याचं दुःख राहिलं नाही. हा अर्ज हरला, त्याचं राहिलं.

परवा सकाळी माझ्या दारात एक बाई उभी राहिली. सोबत तेरा-चौदा वर्षांची मुलगी, पायात कॅनव्हासचे बूट, घोट्यापर्यंत मुरूम लागलेला. मुलगी जिल्ह्यात पहिली आली होती. बाईनं पिशवीतून घडी घातलेला कागद काढला आणि म्हणाली, “गुरुजी, शाळेतनं ह्यो फारम दिलाय. समदं भरलंय आमच्या भावानं. ह्या खालच्या रकान्यात सही कुणाची लागती, तेवढं सांगा.”

मी चष्मा लावला. शिफारस करणाऱ्याचं नाव व हुद्दा, असं तिथं छापलेलं होतं. मी माझं नाव लिहिलं. हुद्द्याच्या जागी ‘निवृत्त क्रीडाशिक्षक’ लिहिलं. ही सही तिथं चालणार नाही, हे मला माहीत होतं. पोरीला म्हटलं, उद्या पहाटे साडेपाचला रस्त्यावर ये, घड्याळ घेऊन थांबतो.